रॅम्पच्या पुढे काय? नाटक-सिनेमा दिव्यांगांपर्यंत पोहोचवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’ चित्रपटगृहांत यायला आठ-नऊ दिवस उरले होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात त्याच्यासंबंधी एक याचिका सुनावणीला आली. याचिका दिव्यांग प्रेक्षकांची होती. त्यांचं म्हणणं असं की तिकीट आम्हीही काढतो, मग सिनेमा आम्हाला कळेल अशी सोय त्यात का नसावी? न्यायालयाने निर्मात्यांना सांगितलं की ओटीटीवर येणाऱ्या आवृत्तीत अंध प्रेक्षकांसाठी दृश्यांचं वर्णन आणि कर्णबधिरांसाठी पडद्यावरचा मजकूर द्या. चित्रपटगृहातल्या आवृत्तीला मात्र हात लावता आला नाही. प्रदर्शन इतकं तोंडावर आलं होतं की आता नवं काही घालायला वेळच नव्हता.

या प्रकरणात मला सगळ्यात बोलका वाटतो तो हा उशीर. दिव्यांग प्रेक्षकाचा विचार कलाकृती तयार झाल्यावर सुरू होतो आणि तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात. तोच विचार संहिता लिहिताना, तालमीत, नाट्यगृहाचा आराखडा काढताना झाला तर काम सोपंही होतं आणि स्वस्तही. याला सुगम्यता म्हणतात: एखादी जागा किंवा गोष्ट दिव्यांग माणसाला इतरांसारखीच वापरता येणं, अनुभवता येणं. ‘पठाण’ प्रकरणानंतर या विषयावर सरकारी निकष आले, सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल आले. तरीही ‘यात करायचं काय असतं?’ हा प्रश्न नाटक-सिनेमावाल्यांकडूनही ऐकू येतो. म्हणून हा लेख.

अंध माणूस सिनेमाला जाऊन करणार काय?

हा प्रश्न खूपजण मनात ठेवतात आणि थोडेच बोलून दाखवतात. उत्तर असं की अंध माणसं सिनेमाला जातात, नाटकाला जातात आणि पूर्वीपासून जात आली आहेत. शेजारी बहीण किंवा मित्र बसतो, कानात कुजबुजत सांगतो. पुढच्या रांगेतले वळून बघतात, मग कुजबूज थांबते आणि गोष्टीचा धागा तुटतो.

यावरचा उपाय म्हणजे श्राव्य वर्णन. रंगमंचावर किंवा पडद्यावर जे फक्त डोळ्यांनी कळतं, ते एक निवेदक मोजक्या शब्दांत सांगतो आणि ते इअरफोनमधून फक्त ज्याला हवं त्यालाच ऐकू जातं. ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन रेडिओवर ऐकलंय त्यांना कल्पना लगेच पटेल. मैदान न बघता लोकांना सामना दिसत होता. फरक इतकाच की समालोचकाला बोलायला सगळा वेळ मोकळा असतो. इथे वर्णनकाराला दोन संवादांच्या मधल्या फटीत बसावं लागतं. पात्राचं वाक्य तुडवायचं नाही, गाण्यावर बोलायचं नाही, आणि ज्या शांततेला नाटकात अर्थ आहे ती मोडायची नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊ. मध्यमवर्गीय घर, रात्रीची वेळ. आई कपाटातून एक पाकीट काढते. बाहेर पावलं वाजतात. ती पाकीट पटकन गादीखाली सरकवते. अण्णा आत येतात, “काय करत्येस?” आई म्हणते, “काही नाही. चहा टाकू?” प्रेक्षागृहात हशा.

अंध प्रेक्षकाच्या कानावर काय पडलं? कपाटाचं दार, पावलं, चहाचा प्रश्न आणि मग आजूबाजूची माणसं हसली. का हसली ते त्याला कळत नाही. तो त्या क्षणापुरता खोलीबाहेर पडला. आता वर्णनकार पावलांच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत म्हणतो, “आईच्या हातात पाकीट.” पावलं वाजल्यावर, “पाकीट गादीखाली.” एवढंच. हशा होतो तेव्हा तोही हसतो.

हेच वाक्य “आई अपराधी मनाने, घाबरून पाकीट लपवते” असं केलं की काम बिघडतं. ती अपराधी आहे की खट्याळ, हे ठरवण्याचा हक्क प्रेक्षकाचा. तो वर्णनकाराने परस्पर वापरायचा नसतो. ‘लपवते’ हा शब्दसुद्धा चालेल की नाही यावर वर्णन लिहिणारी माणसं वाद घालू शकतात आणि असा वाद होणं मला फार चांगलं लक्षण वाटतं. हे लेखनकौशल्य आहे. तालमीला बसून, नाटक अनेकदा बघून, प्रत्येक फट सेकंदात मोजून ते लिहावं लागतं. लिहून झाल्यावर एका अंध व्यक्तीकडून तपासून घ्यावं लागतं, कारण डोळस माणसाला काय सांगायचं राहिलं हे स्वतःहून कळत नाही.

नाटकाच्या बाबतीत अजून एक सुंदर पद्धत आहे. पडदा उघडण्याच्या तासभर आधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेतात. ते नेपथ्याला हात लावून बघतात: दार कुठे, झोपाळा कुठे, पायऱ्या किती. पात्रांची वेशभूषा चाचपतात, नट आपापल्या पात्राच्या आवाजात दोन वाक्यं बोलतात. मग प्रयोगात ‘तो झोपाळ्यावर बसतो’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

नाटकासाठी अशा वर्णनाची पद्धतशीर सुरुवात १९८१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात झाली. मार्गारेट आणि कोडी फान्स्टील या जोडप्याने ती केली. मार्गारेट यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. सिनेमात आता मोबाइलची मदत होते. वर्णनाची ध्वनिफीत ॲपवर आधी उतरवून घ्यायची. चित्रपटगृहात फोनचा माइक सिनेमाचा आवाज ऐकतो, कुठलं दृश्य चालू आहे ते ओळखतो आणि वर्णन बरोबर तिथून सुरू करतो. चित्रपटगृहाच्या यंत्रणेत काही बदलावं लागत नाही.

कर्णबधिरांना सबटायटल्स पुरेशी नाहीत का?

काहींना पुरतात, काहींना नाही. पहिला गट मजकूर सहज वाचू शकणाऱ्यांचा. सबटायटल हे भाषा न समजणाऱ्यासाठी असतं, त्यामुळे त्यात फक्त बोलणं येतं. कॅप्शनमध्ये आवाजही लिहिलेले असतात: दारावर थाप, दूरवर रेल्वेची शिट्टी, पडद्यामागून कोण बोललं त्याचं नाव. मराठी सिनेमाला मराठीतच कॅप्शन लागते, हे ऐकून काही निर्माते चकित होतात. कारण त्यांच्या डोक्यात सबटायटल म्हणजे इंग्रजी.

गाण्याचं काय करायचं? नुसते शब्द लिहिले तर नाट्यपदातलं बरंचसं निसटतं. ‘तान वर चढत जाते, प्रेक्षागृहातून दाद’ असं लिहिलं तर निदान घडतंय काय ते कळतं. याहून चांगलं काही करता येईल, पण ते संगीत जाणणाऱ्या आणि बहिरेपण जगणाऱ्या माणसांनी एकत्र बसून शोधायला हवं.

दुसरा गट जन्मापासून न ऐकणाऱ्यांचा. त्यांच्यातल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठीचं नाही. वाक्यरचना वेगळी, चेहऱ्याच्या हालचालींनाही व्याकरणात जागा. वेगाने सरकणारा मराठी मजकूर वाचणं त्यांच्यासाठी परक्या भाषेतलं नाटक बघण्याइतकं दमवणारं असू शकतं. त्यांना दुभाष्या हवा आणि तोही नटांच्या जवळ, उजेडात. कोपऱ्यात अंधारात उभा केला तर मान टेनिसच्या सामन्यासारखी हलत राहते आणि नाटक निसटतं. दुभाष्याला संहिता आधी मिळायला हवी. विनोद, म्हणी, अभंगाची ओळ आयत्या वेळी सांकेतिक भाषेत नेता येत नाही.

तिसऱ्या गटाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तो मराठी नाटकाचा कणा आहे: वयामुळे कमी ऐकू येणारे प्रेक्षक. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला नजर टाकली तर पांढरे केस किती दिसतात ते सांगायला नको. यातले कितीतरीजण ‘हल्ली नट पुटपुटतात’ म्हणत नाटकाला येणंच बंद करतात. श्रवणयंत्र लावलं तर ते शेजारच्याचा खोकला, पंख्याची घरघर आणि संवाद सगळंच मोठं करतं. यावर उपाय म्हणजे श्रवण-लूप. प्रेक्षागृहाभोवती एक तार फिरवलेली असते. माइकमधला आवाज त्या तारेतून चुंबकीय लहरींच्या रूपाने थेट श्रवणयंत्रातल्या टेलिकॉइल नावाच्या छोट्या वेटोळ्यात उतरतो, मधला गोंगाट गाळून. सगळ्या श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नसतं, म्हणून काही हेडफोनही ठेवावे लागतात. नाट्यगृहाचं नूतनीकरण निघतं तेव्हा फरशी उखडलेलीच असते. तार टाकायची ती वेळ. फरशी बसल्यावर हाच खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

आमच्याकडे रॅम्प आहे की!

बहुधा तो मुख्य दारापर्यंत असतो. सरकारच्या बांधकामविषयक मार्गदर्शक सूचनांत उताराचं प्रमाण १:१२ दिलेलं आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार. रंगमंच साधारण ३ फूट उंच धरा: त्यासाठी ३६ फूट लांब रॅम्प लागेल, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. एवढी जागा नंतर कुठून काढणार? म्हणून मग चार जणांनी व्हीलचेअर उचलून रंगमंचावर ठेवण्याची प्रथा पडते. सत्कारमूर्तीला असं उचलून नेताना टाळ्या वाजतात, पण त्या क्षणी त्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार व्हायला हवा.

प्रेक्षागृहातही व्हीलचेअरची जागा अनेकदा सगळ्यांत मागे किंवा वाटेत असते आणि सोबतच्या माणसाला दुसरीकडे बसावं लागतं. स्वच्छतागृह जिने उतरून खाली असलं तर तो प्रेक्षक सकाळपासून पाणी कमी पितो. नाटक तीन तासांचं असतं.

स्वमग्न मुलांच्या पालकांची अडचण आणखी निराळी. मूल अचानक उठेल, आवाज काढेल, मोठ्या आवाजाने बिथरेल. काही देशांत अशा मुलांसाठी निवांत प्रयोग ठेवतात: दिवे पूर्ण मालवत नाहीत, दणके कमी करतात, बाहेर जाऊन परत यायला मुभा असते. आपल्या बालनाट्यवाल्यांना हे उद्यापासून जमेल. खर्च जवळजवळ नाहीच.

प्रेक्षकांचं ठीक आहे, पण कलाकार?

हा विषयाचा मोठा भाग आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. मराठीत याची चांगली उदाहरणं आहेत. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगभूमीवर आणलं. ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक २००८ मध्ये सुरू करणारेही तेच. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा होते आणि विशेष शाळांतली मुलं तिच्यासाठी जीव ओतून तालमी करतात.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेली मुलगी अठराची झाल्यावर कुठे जाते? एकांकिका स्पर्धांच्या महाविद्यालयीन संघात? नाट्यप्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात? व्यावसायिक नाटकात? वेगळा मंच हवाच, तिथे आत्मविश्वास मिळतो. पण तोच शेवटचा मंच ठरला तर ती कौतुकाची भिंत होते.

प्रशिक्षणाचं दार कसं बंद होतं हे पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या प्रकरणातून दिसलं. २०१५ मध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रंगांधळ्या उमेदवारांना सगळ्या अभ्यासक्रमांत प्रवेश द्या. सिनेमा अनेकांनी मिळून करायची कला आहे, एखादी मर्यादा दुसऱ्याच्या मदतीने भरून निघते, हा त्यामागचा विचार. रंगांधळेपण कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या यादीत येत नाही, पण हा विचार प्रत्येक दिव्यांग कलाकाराला लागू पडतो.

प्रत्यक्षात लागतं काय? अंध नटासाठी रंगमंचावर पावलांना कळेल अशी चटई किंवा पट्टी, म्हणजे कडा कुठे ते पायालाच समजतं; आणि नेपथ्य प्रत्येक प्रयोगात इंचभरही न हलवण्याची शिस्त. कर्णबधिर नटासाठी आवाजाऐवजी प्रकाशाचा किंवा सहकलाकाराच्या हालचालीचा इशारा. व्हीलचेअर वापरणाऱ्या नटीसाठी विंगेत वळायला जागा आणि मेकअप रूमपर्यंत पायरी नसलेली वाट. मग दौरा येतो. रात्रभर बस, उंच पायऱ्या, सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. मराठी नाटकाचं अर्थकारण दौऱ्यांवर चालतं. बसची पायरी चढता न येणारा कलाकार त्या अर्थकारणातून आपोआप वगळला जातो आणि कुणी त्याला नकार दिला असं कधी दिसतही नाही.

अभिनय म्हणजेच दुसरं कुणीतरी होणं ना?

बरोबर आहे. धडधाकट नटाने अंधाची भूमिका करू नये असा कायदा नाही आणि मला तसा नकोही आहे. पण ही देवाणघेवाण आज एकतर्फी आहे. अंध नटाला अंधाचीच भूमिका मिळाली तर मिळते. वकिलाची, मामाची, खलनायकाची नाही. आणि अंधाची भूमिका लिहितानाही बहुधा कुणी अंध व्यक्ती खोलीत नसते, म्हणून पात्र एकतर दयेचं होतं नाहीतर विनोदाचं.

जुलै २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बोट ठेवलं. दिव्यांगांना तुच्छ लेखणारा विनोद आणि दिव्यांगत्वाचा अनुभव समजून घेणारा, तो मोकळेपणाने मांडणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला. लेखन आणि निर्मितीत दिव्यांग व्यक्तींना सहभागी करून घ्या, असंही सांगितलं. तक्रार ज्या सिनेमाबद्दल होती त्यावर बंदी घालण्याचा मार्ग मात्र घेतला नाही. मला हा निकाल कलावंतांच्या बाजूचाही वाटतो: तो चांगलं लिहायला सांगतो.

येणार किती जण? खर्च कोण करणार?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद आहे, महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. वयामुळे ऐकणं, दिसणं, चालणं कमी झालेले कितीतरी लोक स्वतःला दिव्यांग म्हणवतच नाहीत, ते यात धरलेले नाहीत. शिवाय दिव्यांग प्रेक्षक एकटा घरी राहत नाही. त्याच्यामुळे कुटुंबाचं तिकीट काढणंही थांबतं.

‘आम्ही सोय केली, पण कुणी आलंच नाही’ हा अनुभव मात्र खरा आहे. वर्षानुवर्षं दार बंद असलेल्या ठिकाणी एका रविवारी उघडं आहे हे कळणार कसं? जाहिरातीत उल्लेख नसतो, असला तर तो चित्रातल्या अक्षरांत असतो, जी अंधांच्या फोनमधलं वाचक-ॲप बऱ्याचदा वाचू शकत नाही. महिन्यातला एक ठरलेला प्रयोग वर्षभर नेमाने केला, अंधशाळा, कर्णबधिरांच्या संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ यांना आधी कळवलं, तर प्रेक्षक तयार होतो. प्रायोगिक नाटकाचा प्रेक्षकसुद्धा असाच तयार झाला.

खर्चाचं माझं मत स्पष्ट आहे. इमारतीचा खर्च महापालिकेचा किंवा जी संस्था नाट्यगृह चालवते तिचा. तो निर्मात्यावर टाकू नये. वर्णन, कॅप्शन आणि दुभाष्या हा निर्मितीचा खर्च, पण अनुदान देताना सरकारने त्यासाठी वेगळी रक्कम धरायला हवी. श्राव्य वर्णन एकदा लिहिलं की पुढच्या सगळ्या प्रयोगांना तेच चालतं. लेखकाच्या परवानगीची भीतीही अनेकांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी सुगम प्रत तयार करायला, नफा न कमावण्याच्या अटीवर, मुभा देतो.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानलेली आहेत. त्याचं कलम २९ खास सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे: दिव्यांग कलावंत आणि लेखकांना पाठबळ, कला सुगम करणं, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम सहभाग घेता येईल असे बदलणं. जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची. कलम ४२ श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांचा थेट उल्लेख करतं.

मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी सुगम्यतेचे निकष काढले. एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांपासून सुरुवात आणि राष्ट्रीय पुरस्कार किंवा गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी येणाऱ्या चित्रपटांना १ जानेवारी २०२५ पासून या सोयी सक्तीच्या. फक्त मराठीत निघणारा सिनेमा त्या पहिल्या टप्प्यात येत नव्हता, पण पुरस्काराची आशा असली तर येतो. निकष सिनेमापुरते आहेत. नाटकवाल्यांनी वाट न बघता कलम २९ हातात घेऊन महापालिकेकडे जावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवणं मूळ कायद्याशी विसंगत आहे, किमान काही गोष्टी सक्तीच्या असल्याच पाहिजेत, असं सांगून केंद्राला तीन महिन्यांत तसे नियम करायला सांगितलं. म्हणजे ‘जमलं तर करू’ हे उत्तर कायद्यात आता बसत नाही.

आमची छोटी हौशी संस्था आहे, आम्ही काय करू?

तिकीटविक्रीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घाला: ‘तुम्हाला काही सोय लागेल का?’ आणि खाली असा फोन क्रमांक द्या जो खरोखर कुणीतरी उचलेल. जाहिरातीतला मजकूर चित्राबरोबर साध्या अक्षरांतही टाका. नाट्यगृह ठरवताना रॅम्प, स्वच्छतागृह आणि मेकअप रूमची वाट स्वतः चालून बघा, शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन. पहिल्या प्रयोगाला श्राव्य वर्णन जमणार नसेल तर पडद्याआधी पाच मिनिटं नेपथ्य आणि पात्रांची ओळख बोलून करून द्या. डोळस प्रेक्षकांनाही ती आवडेल.

आणि वर्णन तपासणारी अंध व्यक्ती, सांकेतिक भाषेचा दुभाष्या, सल्ला देणारा कर्णबधिर कलाकार यांना मानधन द्या. प्रकाशयोजनाकाराला देता तसंच, आधी ठरवून आणि वेळेवर.